रिमेक बघताना तुम्ही काय बघता? (सैराट-धडक, हेराफेरी, दृश्यम, देवदास आणि बरंच काही)

शेवटचीरांग (धागाकर्ती):

नवा रिमेक जाहीर झाला की घरात, ऑफिसात, व्हॉट्सअ‍ॅपवर एकच सूर लागतो: "यांना नवीन काही सुचतच नाही का?" मला हा सूर पटत नाही. मी अभ्यासक नाही. महिन्याकाठी एखादा सिनेमा थेटरात, बाकीचे घरी, असा माझा खाक्या. पण मूळ आणि रिमेक दोन्ही शोधून बघायची मला मनापासून आवड आहे. त्यातून जे मत झालंय ते मांडते, तुम्ही खोडा किंवा भर घाला. (पुढे अनेक सिनेमांचे शेवट उघड केले आहेत. पाहिले नसतील तर सांभाळून वाचा.)

गोष्ट उसनी घेतली याचं मला काही वाटत नाही. ती जिथे नेली तिथली झाली का, एवढंच मी बघते. माणसं कुठल्या गावात राहतात, पोटासाठी काय करतात, कुणाला घाबरतात, घरमालक कसा आहे, शेजारी काय म्हणतील, हे सगळं नव्याने बसवलेलं असेल तर रिमेक आपल्या पायावर उभा राहतो. नाहीतर प्रसंग तेच, गाणी तीच आणि माणसं मात्र कुठलीच नाहीत.

सुरुवात आपल्या घरातूनच करते. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आपल्यापैकी निम्म्या लोकांना पाठ असेल. तो हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) वरून घेतलेला आहे, आणि 'बीवी और मकान' स्वतः बंगालीतून आलेला. हिंदी सिनेमा आज फारसा कुणाला आठवत नाही. त्यात बिश्वजीत, मेहमूद, केष्टो मुखर्जी असे लोक आहेत, गाणी गुलजारांची, संगीत हेमंतकुमारांचं, तरीही. मग मराठीत असं काय झालं? वसंत सबनीसांनी ती गोष्ट पुण्यातल्या भाडेकरूंची केली. विश्वास सरपोतदार हा घरमालक बघा. रात्री उशिरा आलेलं चालत नाही, आवाज चालत नाही, आणि भाडेकरूकडे संशयाने बघणं हा तर त्याचा हक्कच. सुधीर जोशींनी तो असा केलाय की पुण्यात खोली शोधलेल्या प्रत्येकाला ओळखीचा वाटतो. औषधासाठी दिलेले सत्तर रुपये परत मागतानाचा तो प्रसंग हिंदीवरून उचलून कुणाला करता आला नसता, तो त्या घरमालकाच्या स्वभावातूनच आलाय. जागेची अडचण खरी वाटते, म्हणून पुढे सुधीर आणि परशा लुगडी नेसतात तेही आपण मान्य करतो.

उलट उदाहरण 'धडक' (२०१८). 'सैराट'वर (२०१६) माझं फार प्रेम आहे, पण 'धडक' बघायला मी खरंच मोकळ्या मनाने गेले होते. गोष्ट करमाळ्याच्या परिसरातून उचलून उदयपूरला नेली, याला माझी हरकत नव्हती. राजस्थानात ही गोष्ट घडू शकत नाही असं थोडंच आहे? पण 'सैराट'मध्ये जात सांगावी लागत नाही, ती दिसते. परशाचं घर मासेमारी करणारं, आर्चीचं घर पाटलाचं. कोण कुणाच्या वाड्यात कुठपर्यंत जातो, कोण खुर्चीवर बसतो आणि कोण उभा राहतो, सगळं डोळ्यांसमोर. 'धडक'मध्ये मुलाच्या बापाचं रेस्टॉरंट, मुलीच्या बापाचं हॉटेल, आणि जातीचा उल्लेख येतो तो एखाद्या वाक्यात. मग इतका पराकोटीचा राग कशासाठी, याचं उत्तर सिनेमात सापडत नाही.

शेवटाचंही तेच. 'सैराट'मध्ये माहेरची माणसं आईने दिलेल्या भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची चहा ठेवते, पाव्हण्यांना बसवते. मग शेजारीण लहान मुलाला परत आणून सोडते आणि तो रक्ताने भरलेल्या पावलांनी बाहेर येतो. आवाज बंद. थेटरात कुणी जागचं हललं नव्हतं. 'धडक'मध्ये मुलगा आणि बाळ वरून खाली पडतात आणि मुलगी वाचते, ती ते बघते. बदल करायला माझा विरोध नाही, पण 'सैराट'मध्ये मागे राहतं ते मूल, आणि त्याच्यापुढे अख्खं आयुष्य असतं. ते काढून टाकल्यावर फक्त धक्का उरला.

तुमच्या दृष्टीने जमलेला रिमेक कोणता आणि फसलेला कोणता? आणि मुख्य म्हणजे, का?

पाटाचंपाणी:

सैराटबद्दल शब्दाशब्दाला सहमत. मी सोलापूर जिल्ह्यातलाच. आमच्याकडे लोक वर्गातला तो प्रसंग अजून काढतात. नवे सर शिकवत असताना प्रिन्स फोनवर बोलत आत येतो आणि सरांनी हटकल्यावर त्यांच्या थोबाडीत मारतो. पोराने मास्तरला मारलं आणि वर समज कुणाला मिळाली, तर मास्तरला. गावात सत्ता कशी चालते ते या एका प्रसंगात सगळं आलं. पुढे काय होणार हे तिथेच कळतं, फक्त आपल्याला ते मानायचं नसतं.

एक भर. 'धडक २' (२०२५) बघितला का कुणी? नाव धडकचं, पण गोष्ट मारी सेल्वराजच्या 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८) या तमिळ सिनेमाची. लॉ कॉलेजात शिकणारा दलित मुलगा आणि वरच्या जातीची मुलगी. या वेळी जात झाकली नाही, तीच मध्यभागी ठेवली. तमिळ सिनेमाची धार मला जास्त वाटली, त्यातला करुप्पी हा कुत्रा आणि रेल्वेचे रूळ विसरता येत नाहीत. तरी पहिल्या धडकपेक्षा हा कितीतरी प्रामाणिक आहे. म्हणजे हिंदीत दाखवता येत नाही असं नव्हतं, तेव्हा दाखवायचं नव्हतं.

एकपडदा:

थोडा विरोध नोंदवतो. आपण मराठी लोक सैराट आधी बघून धडकला गेलो. माझ्या लखनऊच्या रूममेटने सैराट पाहिलाच नव्हता, तो धडक बघून रडला. त्याच्यासाठी ती पहिलीच ओळख होती, आणि त्यानंतर त्याने माझ्याकडून सैराट मागून घेऊन बघितला. रिमेकचा हा उपयोग कुणी मोजत नाही. मूळ बघितलेल्याने रिमेकवर निकाल देणं नेहमीच थोडं एकतर्फी असतं.

शिवाय गाव बदललं, माणसं नव्याने बसवली की जमतंच असं नाही, आणि काहीच बदललं नाही की फसतंच असंही नाही. 'कबीर सिंग' (२०१९) बघा. मूळ तेलुगू 'अर्जुन रेड्डी'चाच दिग्दर्शक, जवळजवळ तेच प्रसंग, मंगळूर-हैदराबादऐवजी दिल्ली-मुंबई. तुफान चालला. मला स्वतःला तो सिनेमा आवडला नाही, त्यातला नायक बायकांशी वागतो ते बघवत नाही, पण तुमच्या नियमात तो बसत नाही हे खरं.

शेवटचीरांग:

@एकपडदा, चालणं आणि जमणं या दोन गोष्टी मी वेगळ्या धरते. रूममेटचा मुद्दा मात्र पटला. रिमेक बघून कुणी मूळ शोधत असेल तर त्या रिमेकने काहीतरी चांगलं केलंच.

नियम असं नाही म्हणत मी. पण 'हेराफेरी' (२०००) बघा. मूळ 'रामजी राव स्पीकिंग' (१९८९), सिद्दीक-लाल यांचा मल्याळम सिनेमा. त्यातल्या मन्नार मत्ताईची नाटक कंपनी आहे, उर्वशी थिएटर्स, कर्जात बुडालेली. प्रियदर्शनने हिंदीत आणताना तिचं स्टार गॅरेज केलं आणि मालक केला बाबूराव गणपतराव आपटे. जाड भिंगाचा चष्मा, धोतर, दारूची आवड, कायम वैतागलेला. गुजराती परेश रावलने मराठी माणूस असा उभा केला की आपल्या आळीतला कुणीतरी वाटावा. टेलिफोन डिरेक्टरीतल्या चुकीच्या नंबरावरून अपहरणाचा फोन येतो, हा धागा मूळचाच ठेवला, कारण तो कुठेही चालतो. माणसं मात्र पूर्ण नवी केली. मी म्हणते ते हेच.

कुळागर:

गोव्याहून लिहितेय. दृश्यमबद्दल बोलायलाच हवं. मूळ मल्याळम (२०१३) मोहनलालचा, दिग्दर्शक जीतू जोसेफ. हिंदी (२०१५) आपल्या निशिकांत कामतने केला. डोंबिवली फास्टवाला कामत, आणि त्याने तो सिनेमा स्वतःच 'एवनो ओरुवन' म्हणून माधवनला घेऊन तमिळमध्ये केला होता. म्हणजे रिमेक दोन्ही बाजूंनी अनुभवलेला माणूस.

मूळचा नायक जॉर्जकुट्टी केरळातला ख्रिश्चन आहे, घरात झालेला खून लपवायला तो कुटुंबाला घेऊन धार्मिक रिट्रीटला गेल्याचं सांगतो. हिंदीतला विजय साळगावकर २ ऑक्टोबरला पणजीला स्वामींच्या सत्संगाला गेल्याचं सांगतो. हा बदल मला फार चोख वाटतो. सामान्य, पापभीरू घराने सुट्टीत जावं अशी जागा हवी होती, जिथे गर्दी असेल आणि नंतर कंडक्टर, हॉटेलवाला, सिनेमा दाखवणारा यांना यांची ओळख आठवेल. तशीच जागा त्यांनी शोधली. साधा केबलवाला, चौथीपर्यंत शिकलेला, सिनेमे बघून बघून सगळं शिकलेला. हे पात्र कुठल्याही लहान गावात शोभतं. गायतोंडे या पोलिसाच्या भूमिकेत कमलेश सावंत इतका तिरस्करणीय झालाय की त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

पण गोव्याची म्हणून माझी तक्रार आहेच. पाऊस, चर्च, कौलारू घरं दिसतात, पण कोकणी जवळजवळ ऐकूच येत नाही. गोव्यात पोलीस ठाण्यातले शिपाई आपापसात कोकणीत बोलतात. दोन वाक्यं घातली असती तर काय बिघडलं असतं? या उलट कमल हासनचा तमिळ रिमेक 'पापनासम' (२०१५). तो त्याने तिरुनेलवेलीच्या बोलीत केला. माझ्या तमिळ जावेने सांगितलं की तिच्या माहेरचं बोलणं पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर इतकं खरं ऐकलं.

अवांतर: याच गोष्टीचा चिनी रिमेकही आहे, 'शीप विदाउट अ शेफर्ड' (२०१९). त्यात थायलंडमध्ये राहणारं चिनी कुटुंब आहे आणि शेवटी नायक स्वतः गुन्हा कबूल करतो. सिनेमा चांगला बांधलाय, पण विजय साळगावकर नव्या पोलीस ठाण्याच्या फरशीवरून शांतपणे चालत जातो ती मजा कबुलीत नाही.

हिशेबी:

ओटीटीमुळे रिमेकचं गणित बदललंय एवढंच सांगतो. पूर्वी तमिळ-मल्याळम सिनेमा आपल्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून रिमेक लागायचा. आता सबटायटल लावून लोक मूळच बघतात. 'विक्रम वेधा' आणि 'जर्सी' दोन्हींचे हिंदी रिमेक २०२२ मध्ये आले, मूळच्याच दिग्दर्शकांनी केले, कामंही चांगली होती, तरी चालले नाहीत. पण त्याच वर्षी 'दृश्यम २' धो धो चालला, आणि मूळ मल्याळम तर २०२१ पासून प्राइमवर पडून होता. कारण लोकांना मोहनलालचं काय झालं हे बघायचं नव्हतं, साळगावकर कुटुंबाचं काय झालं हे बघायचं होतं. ते घर आता आपलं झालं होतं.

कुळागर:

+१. अगदी हेच.

मांडवाजेट्टी:

आमच्या गावाचं नाव ज्यात आहे तो सिनेमा अजून कुणी काढला नाही! अग्निपथ. विजय दीनानाथ चव्हाण, मांडवा. भाऊच्या धक्क्यावरून किंवा गेटवेवरून बोटीने येणाऱ्यांना माहीत असेल आमचं मांडवा. २०१२ च्या सिनेमातलं मांडवा खरं दीवला चित्रित केलंय, तेवढं आम्ही लगेच ओळखलं.

१९९० चा मुकुल आनंदचा सिनेमा तेव्हा तिकीटबारीवर चालला नाही, पण बच्चनला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. करण मल्होत्राने केलेला धाडसी बदल म्हणजे मिथुनचा कृष्णन अय्यर एम. ए. हे पात्रच काढून टाकलं आणि ऋषी कपूरचा रौफ लाला नव्याने आणला. ज्या माणसाने जन्मभर स्वेटर घालून गाणी म्हटली त्याला मुली विकणारा कसाई केलं, आणि त्याने ते असं केलं की अंगावर काटा येतो. कांचा चीना पहिल्यांदा डॅनीने सुटाबुटात, गॉगल लावून केला होता. संजय दत्तचा टक्कल केलेला कांचा अगदी निराळा, आरशात स्वतःला बघू न शकणारा. दोघांची तुलनाच करावी लागत नाही. बच्चनची नक्कल हृतिकने केली नाही हे सगळ्यात शहाणपणाचं. खर्जातला आवाज नाही, ऐट नाही, आतल्या आत जळणारा मुलगा.

वर अजय-अतुलची गाणी. 'देवा श्री गणेशा' आजही आमच्या मंडळात लागतं. 'चिकनी चमेली' म्हणजे त्यांच्याच 'जत्रा'तली 'कोंबडी पळाली', म्हणजे रिमेकमध्ये रिमेक.

माझं मत: न चाललेल्या किंवा अर्धवट राहिलेल्या चांगल्या सिनेमांचा रिमेक करावा. शोलेला हात लावायला जाऊ नये. २००७ मध्ये रामगोपाल वर्माने लावला, काय झालं ते सगळ्यांनी बघितलं.

संध्याकाळीसातची:

मालिकांबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्याकडे सासूबाई 'आई कुठे काय करते' बघायच्या आणि नणंद 'अनुपमा'. दोन्ही एकाच बंगाली मालिकेवरून, 'श्रीमयी' (२०१९). तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नडमध्येही तीच. घरासाठी राबणारी बाई, नवऱ्याचं बाहेर प्रकरण, आणि मग तिचं स्वतःच्या पायावर उभं राहणं.

दोन्ही समोरासमोर बघितल्या की फरक छान कळतो. अरुंधतीला गाणं येतं, अनुपमाला नाच. अरुंधती चिडली तरी आवाज चढवत नाही, मधुराणी प्रभुलकर डोळ्यांनी बोलते. अनुपमा लांबलचक भाषण करते आणि मागे ढोल वाजतात. सासूबाईंचं म्हणणं, "आपल्या घरातली बाई असंच बोलते, एवढं भाषण करायला वेळ कुणाला आहे." नणंदेला मात्र ती भाषणंच आवडतात. तिला जे ऑफिसात बोलता येत नाही ते अनुपमा बोलते. हे ऐकून मी गप्प बसले, कारण ते खरं आहे.

माझी तक्रार रिमेक असण्याबद्दल नाही, ताणण्याबद्दल आहे. श्रीमयी डिसेंबर २०२१ ला संपली. आपली २०२४ च्या शेवटापर्यंत चालली. पहिलं दीड वर्ष त्या बाईचा एकेक निर्णय मनाला भिडत होता. नंतर अपघात, आजारपण, कारस्थान. मूळ गोष्ट संपल्यावर रिमेक कशाचा करत होते?

जुनाप्रोजेक्टर:

चर्चा वाचून राहवलं नाही. एवढं सगळं चाललंय तर देवदास हवाच. शरदबाबूंची कादंबरी १९१७ ची. हिंदीत बरुआंनी १९३५ ला सैगलला घेऊन केला. त्याचा कॅमेरा बिमल रॉय यांच्याकडे होता. त्याच बिमलदांनी वीस वर्षांनी, १९५५ ला, दिलीपकुमारला घेऊन स्वतः केला. म्हणजे एका माणसाने एकच गोष्ट आधी भिंगातून बघितली आणि मग नव्याने मांडली.

कादंबरीत पारो आणि चंद्रमुखी कधीच भेटत नाहीत. बिमलदांनी त्यांना वाटेवर एकमेकींसमोरून जाऊ दिलं. सुचित्रा सेन आणि वैजयंतीमाला, एक नजर, एक शब्द नाही, आणि दोघी आपापल्या वाटेने निघून जातात. दोन बायकांना काहीतरी कळलंय, पण काय ते त्यांनाही सांगता येणार नाही. भन्साळींनी २००२ मध्ये त्याच दोघींना एकत्र 'डोला रे'वर नाचवलं. गाणं डोळे दिपवणारं आहे, मला आवडतंही. पण पारो जमीनदाराच्या घरची सून आहे. ती कोठ्यावरच्या बाईबरोबर भर हवेलीत नाचेल, तर मग देवदासला दाराबाहेर मरायची वेळ आलीच कशाला? ज्या रीतीरिवाजाने त्या तिघांना मारलं तो रिवाजच त्या गाण्यात गायब होतो. शेवटचीरांग यांनी धडकबद्दल जे म्हटलं तेच इथे.

(वैजयंतीमालांना या भूमिकेसाठी सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर जाहीर झालं, ते त्यांनी नाकारलं. चंद्रमुखी सहाय्यक नाही, पारोइतकीच मोठी आहे, असं त्यांचं म्हणणं. मला ते शंभर टक्के मान्य.)

आणि मराठीतला माझा सर्वात आवडता: 'पिंजरा' (१९७२). मूळ जर्मन 'ब्लू एंजल' (१९३०). कडक शिस्तीचा प्राध्यापक नाचणारीच्या मागे लागतो आणि शेवटी विदूषक होतो. शांतारामबापूंकडे तो प्राध्यापक गावाला सुधारणारा मास्तर झाला आणि कॅबरे तमाशाचा फड झाला. लागू, संध्या, निळूभाऊ, राम कदमांचं संगीत, खेबुडकरांची गाणी. पण खरा कळस शेवटी आहे. गावाने मेलेल्या गुरुजींचा पुतळा उभारलाय, आणि जिवंत गुरुजी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली पिंजऱ्यात उभे. खरं सांगितलं तर गाव ज्या पुतळ्याला नमस्कार करतं तो पुतळा कोसळेल, म्हणून ते गप्प राहतात. हे जर्मन सिनेमात नाही. आपल्याकडे मास्तरला देव मानणारं गाव होतं, म्हणून ही गोष्ट इथे आणखी खोल गेली.

पाटाचंपाणी:

वा, जुनाप्रोजेक्टर. पिंजरा या नजरेने आज परत बघतो.

एकपडदा:

देवदासचं पटलं. मग 'श्यामची आई'? १९५३ चा अत्र्यांचा, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालेला पहिला सिनेमा. २०२३ ला सुजय डहाकेने पुन्हा केला, तोही कृष्णधवल. ओम भुतकरचे साने गुरुजी मला फार आवडले. पण थेटरात आम्ही मोजकेच होतो. इथे तर गावही तेच, माणसंही तीच, मग बदलायचं काय होतं?

शेवटचीरांग:

@एकपडदा, माझ्या मते त्याने बदललं ते गुरुजींना. जुन्या सिनेमात सगळा भर वनमालाबाईंची आई आणि माधव वझेंचा श्याम यांच्यावर. नव्यात तुरुंगातले, मोठे झालेले साने गुरुजी समोर येतात, आणि आईची शिकवण त्यांच्या लढ्यापर्यंत कशी पोचली ते दिसतं. ते मला भिडलं. आजच्या मुलांना पोहायला ढकलणाऱ्या आईइतकाच तुरुंगात आठवणी सांगणारा माणूसही दाखवायला हवा होता. माझी भाची अकरा वर्षांची, तिने घरी आल्यावर त्यांना तुरुंगात का टाकलं होतं तेच आधी विचारलं.

आता प्रश्न सगळ्यांना: असा एखादा जुना सिनेमा सांगा ज्याचा रिमेक झालेला बघायला तुम्ही खरंच तिकीट काढाल.

मांडवाजेट्टी:

'सामना' (१९७५). साखर कारखान्याऐवजी आजची शिक्षणसंस्था आणि तिचा सम्राट. मारुती कांबळेचं काय झालं हा प्रश्न अजून तसाच आहे. फक्त मास्तर आणि हिंदुराव करायला लागू आणि निळूभाऊंच्या तोडीचे दोघे हवेत.

जुनाप्रोजेक्टर:

मांडवाजेट्टी, सामनाला शोलेसारखंच राहू द्या अशी विनंती. माझं नाव: 'धूमधडाका'. हो, १९८५ चा, जो 'प्यार किए जा'वरून आला, जो श्रीधरच्या तमिळ 'कादलिक्क नेरमिल्लै' (१९६४) वरून आला. तिन्हींत सिनेमा काढायचं वेड लागलेला मुलगा आणि त्याचा पैसेवाला बाप आहे. नागेश, मेहमूद, लक्ष्या, तिघांनी आपापल्या परीने धमाल केली. आज तो मुलगा वेब सिरीज काढायला बापाकडे पैसे मागेल. बाप कोण, ते तुम्ही सुचवा. शरद तळवलकरांच्या जागी मला आत्ता तरी कुणी दिसत नाही.

संध्याकाळीसातची:

बाप दिलीप प्रभावळकर. लिहून ठेवा.

पाटाचंपाणी:

प्रभावळकरांना माझंही मत. आणि 'व्याख्खा विख्खी वुख्खू' करायला दुसऱ्या कुणाला घेऊ नका, अशोकमामाच हवेत.